६४ टेपा आणि एक अंधारी खोली: आमच्या कला महाविद्यालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. प्राचार्य आणि मा. विश्वस्त मंडळ

सप्रेम नमस्कार.

मी आपली माजी विद्यार्थिनी. ड्रॉइंग अँड पेंटिंग, २००६ ची बॅच. कॉलेजचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना ते कळायला हवं त्यांना कळेलच, आणि ज्या वास्तूत मी चित्रं बघायला शिकले तिची चारचौघांत नाचक्की करायची माझी इच्छा नाही. तरीही पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दिलेली माझी दोन पत्रं आपल्या कार्यालयात आवक क्रमांक पडून तशीच राहिली. एक २०१९ चं, दुसरं गेल्या डिसेंबरमधलं.

वार्षिक प्रदर्शनाचं यंदाचं परिपत्रक सध्याच्या एका विद्यार्थ्याने मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यातल्या पाचव्या सूचनेचा मजकूर असा: व्हिडिओ जास्तीत जास्त तीन मिनिटांचा असावा, त्यात स्पष्ट सामाजिक संदेश असावा, संहिता आणि स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चौकोनांत काढलेला आराखडा) विभागप्रमुखांकडून आगाऊ मंजूर करून घ्यावा, आणि सर्व व्हिडिओ स्वागतकक्षातल्या टीव्हीवर आवाज बंद ठेवून दाखवले जातील.

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजात आले. मनात एवढंच होतं की जिन्याखालच्या खोलीतल्या जुन्या टेपांपैकी चार-पाच घेऊन आपल्याला भेटावं आणि सांगावं की सर, हे बघा, आपल्याच मुलांनी वीस वर्षांपूर्वी काय काय करून ठेवलंय. त्या खोलीत आता नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींची कपाटं आहेत. टेपांचं कपाट कुठे गेलं म्हणून विचारलं, तर शिपाईमामा बराच वेळ बोलेनात. मग म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत सगळं भंगारात गेलं. मोडके ईझल, तुटक्या डाँकी (चित्र काढताना बसायची बाकडी), आणि त्यांच्याबरोबर दोन खोकी टेपा.

त्या ६४ होत्या. आकडा मला पाठ आहे, कारण त्यांची नोंदवही तिसऱ्या वर्षाला असताना मीच घातली होती. विभागाला पहिला डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपेवर शूट करणारा, कॅमेरा २००३ साली मिळाला, तोही एका माजी विद्यार्थ्याने दिलेला. कॅमेरा एक आणि मुलं चौदा. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातला अर्धा दिवस. टेपा महाग वाटायच्या, म्हणून एकेका टेपेवर दोघा-तिघांचं काम असायचं. २०१२ नंतर मुलं मेमरी कार्डावर शूट करू लागली आणि नोंदवही थांबली. तिच्या पानांचे फोटो मी २०१९ मध्ये काढून ठेवले होते. आता तेवढेच उरले आहेत.

त्या टेपांत माझंही एक काम होतं. त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण तीन मिनिटांची मर्यादा, संदेश आणि मंजूर संहिता या तिन्ही अटींवर ते तेव्हाच बाद झालं असतं.

आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा, त्यात कोळसे, बाजूला हाताने फिरवायचा भाता. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर उठतो, त्याच क्षणी कथिल लावायचं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. काळपट तळ डोळ्यांदेखत चंदेरी होतो. हे सगळं चार-पाच सेकंदांत संपतं. मी दोन दिवस त्यांच्यासमोर ट्रायपॉड लावून बसले आणि पाऊण तासाचं फुटेज घेतलं. घरी परतताना ठरवलं होतं की कल्हईवर माहितीपट करायचा. एडिटिंगच्या टेबलावर मात्र तळ पांढरा होतो त्या चार सेकंदांपुढे मी सरकूच शकले नाही. तेच सेकंद टाइमलाइनवर पुन्हा पुन्हा ठेवत गेले, प्रत्येक वेळी थोडे ताणून. शेवटी सात मिनिटांचं काम झालं. त्यात निवेदन नाही, मुलाखत नाही. भात्याचा आवाज, आणि एक तळ जो सात मिनिटं पांढरा होत राहतो.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, यातून सांगायचं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही, आणि मार्कही बेताचेच पडले. पण तेव्हाच्या आमच्या विभागप्रमुखांनी मॉडेलिंगची, म्हणजे मातीकामाची, खोली रिकामी करून दिली होती. खिडक्यांना काळे कागद, भिंतीला पांढरा डिस्टेंपर, भाड्याचा प्रोजेक्टर, जमिनीवर सतरंजी. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी कल्हईवाले स्वतः आले. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसले. काम एकदा बघितलं आणि परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "नवसागराचा धूर एवढा पांढरा असतो होय? आम्ही कधी बघितलाच नाही. धूर उठला की डोळे मिटलेले असतात."

तीस-पस्तीस वर्षं रोज हाताखालून गेलेली गोष्ट त्यांनी त्या खोलीत पहिल्यांदा बघितली. तो विद्यार्थी व्हिडिओ होता, त्याला संहिता नव्हती आणि लांबी सात मिनिटं होती. मी गेली सतरा वर्षं मुंबईत एडिटिंग करून पोट भरते. जाहिराती केल्या, मालिका केल्या. एखादा शॉट किती वेळ ठेवायचा हे ठरवताना आजही मला ती सतरंजी आठवते.

आता परिपत्रकाकडे येते.

संहितेची अट सगळ्यात घातक आहे, म्हणून ती आधी घेते. असं काम लिहून मग शूट होत नाही. माझ्याच बाबतीत पाऊण तासाचं फुटेज हातात आल्यावर काम कशावर आहे ते कळलं. शिल्पकलेच्या मुलाला माती हातात घेण्याआधी तिच्यावरचे बोटांचे ठसे कागदावर काढून मंजूर करून आण असं आपण सांगत नाही. लँडस्केपला बाहेर पडणाऱ्या मुलांकडून ढगांचा आराखडा मागत नाही. मग कॅमेरा हातात असलेल्या मुलानेच तो का द्यायचा? नोंदवहीत २००९ च्या एका मुलीचं काम आहे. ती सोलापूरची. आईच्या विडी वळणाऱ्या हातांचं शूटिंग करायला ती घरी गेली, आणि तिकडून आली ती आवाज घेऊन. तेंदूच्या पानावर चालणारी कात्री, सुपात पडणाऱ्या विड्या, शेजारच्या घरातल्या कात्र्या. बारा मिनिटांपैकी निम्मा वेळ पडदा काळा होता आणि फक्त कात्र्या ऐकू येत होत्या. हा स्टोरीबोर्ड तिने काढायचा कसा? चौकोन काळे करून? आणि आपल्या नव्या नियमाप्रमाणे आवाज बंद ठेवला तर तिच्या कामातलं उरतं काय?

संदेशाबद्दल. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना फिल्म्स डिव्हिजनने १९६७ मध्ये एक छोटी फिल्म करू दिली. त्यांनी राजस्थानात जाऊन दिसेल ते टिपलं. छत्री, कंदील, चप्पल, किल्ल्याच्या भिंती. तिच्यात गोष्ट नव्हती. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचं गोल्डन बेअर तिला मिळालं. सरकारी खात्याने, सरकारी पैशाने, एका चित्रकाराला संदेशाची अट न घालता हे करू दिलं होतं. आपलं तर कला महाविद्यालय आहे. स्वच्छतेवर आणि मोबाइलच्या व्यसनावर व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला तो विषय मनापासून सुचतो त्याने जरूर करावा. पण या वर्षी तृतीय वर्षाच्या एका मुलीने आपलं चार महिन्यांचं काम बाजूला ठेवून पाणी वाचवा या विषयावर अडीच मिनिटांचा व्हिडिओ दिला. तिने मला तो दाखवलाही नाही. "तो माझा नाहीये, ताई," एवढंच म्हणाली.

तीन मिनिटांच्या मर्यादेबद्दल एकच उदाहरण देते, आणि ते आपल्याच सूचनाफलकावरचं आहे. मे २०२४ मध्ये पायल कपाडिया यांना कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं तेव्हा कॉलेजच्या दारातल्या फळ्यावर रंगीत खडूंनी अभिनंदन लिहिलं होतं. फोटो मीही शेअर केला, अभिमान वाटला. त्या पहिल्यांदा कानला पोचल्या त्या २०१७ मध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थिनी असताना केलेल्या एका लघुपटामुळे. तो १३ मिनिटांचा होता.

राहिला स्वागतकक्षातला टीव्ही. तिथे समोर काचेचं दार आहे, वर चार ट्यूबलाइट. पडद्यावर काळा रंग दिसतच नाही, बघणाऱ्याचं स्वतःचं तोंड आणि रिसेप्शनचं टेबल दिसतं. ज्या मुलाने सहा महिने प्रकाशावर काम केलं त्याचं काम तिथे लावणं म्हणजे जलरंगातलं चित्र धुळीच्या काचेमागे टांगणं. पेंटिंगच्या मुलांसाठी आपण भिंती रंगवून घेता, स्पॉटलाइट भाड्याने आणता, चित्र डोळ्यांच्या उंचीवर येतंय की नाही हे स्वतः उभे राहून बघता. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याबद्दल मला आपला आदर आहे. तीच काळजी मी या मुलांसाठी मागते आहे.

हे परिपत्रक कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एका मुलाने वसतिगृहाचा रात्रीचा कॉरिडॉर चौदा मिनिटं दाखवला होता. एक बल्ब लुकलुकतो, कोणीतरी बादली घेऊन जातं, बस. प्रमुख पाहुणे तिसऱ्या मिनिटाला उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की याला कला म्हणत असाल तर कठीण आहे. आपल्याला तेव्हा किती अवघडल्यासारखं झालं असेल ते मी समजू शकते. ते काम मीही बघितलं. मला ते पूर्ण आवडलं नाही, शेवटची पाच मिनिटं सैल होती. पण पाहुण्यांना ते उजेडात, उभ्याने, हार-तुऱ्यांच्या गडबडीत दाखवलं गेलं. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, हे किती वेळाचं आहे ते सांगितलं नाही. त्या मुलाने सात रात्री जागून केलेल्या कामावर शिक्षकांपैकी एकानेही त्याच्याशी नंतर चर्चा केली नाही. सैल कुठे झालं हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी सगळ्यांसाठी नियम आला.

आता टेपांबद्दल, कारण नियम बदलता येतो, टेपा परत येत नाहीत.

सर, आपल्याकडे या कामाचा इतिहास मोठा आहे आणि तो बहुतेक विद्यार्थीदशेतून किंवा तिच्या उंबरठ्यावरूनच सुरू होतो. दादासाहेब फाळके १८८५ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, पण त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर कॅमेरा रोखून, रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहिलं ते ही फिल्म दाखवून. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्यांनी ती एकट्यासाठी न वापरता मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं, चित्रकारांच्या हातात कॅमेरा दिला. तिथे आलेल्यांमध्ये नुकत्याच जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्या चित्रकार नलिनी मलानी होत्या. त्यांनी पुठ्ठ्याच्या घरांचं छोटं मॉडेल आणि रंगीत प्रकाश घेऊन स्टॉप मोशनची, म्हणजे एकेक चित्र टिपून जोडलेली, फिल्म केली. पुढे पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, त्याच्या शीर्षकातला काळ १९६९ ते २०१८ असा होता. त्यांच्या कामाची मोजणी सुरू होते ती त्याच वर्षापासून. ती रिळं तेव्हा कुणी अडगळ म्हणून फेकली असती तर?

फेकली न जाताही काय होतं याचं उदाहरण त्याच वर्कशॉपमध्ये आहे. पदमसींनी तेव्हा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची फिल्म केली होती. तिची एकच प्रत होती, ती हरवली. पुढे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन ती आठवणीतून पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला, २०१६ मध्ये. एवढा मोठा चित्रकार, इतकी माणसं मागे लागलेली, तरी मूळ फिल्म कुणाला मिळाली नाही. आपल्या ६४ टेपांतल्या बहुतेकांचीही एकेकच प्रत होती. त्या मुलांमागे कोण लागणार? त्यांतले कितीतरी आज शाळेत चित्रकला शिकवतात, फ्लेक्सचं डिझाइन करतात, काही शेती बघतात. कॉलेजवर विश्वास ठेवून त्यांनी टेप इथे ठेवली, कारण घरी ती लावायला कॅमेराच नव्हता.

आणि हे टाळता येण्यासारखं होतं. मिनी डीव्हीची एक टेप ६० मिनिटांची. ती संगणकावर घ्यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे ६४ टेपांना ६४ तास. एका तासाला साधारण १३ जीबी धरले तरी सगळं एका १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये मावलं असतं. २०१९ च्या पत्रात मी हाच हिशेब लिहिला होता. टेपेला दमट हवा मानवत नाही, जिन्याखाली पावसाळ्यात ओल येते, असे कॅमेरे आता नवे मिळत नाहीत, माझ्याकडे एक चालू स्थितीतला आहे, मी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः हे काम करीन, कॉलेजने फक्त दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, असं सगळं त्यात होतं. दोन हार्ड डिस्क! त्याची पोचपावती माझ्याकडे आहे.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त लागलं. या वर्षीच्या प्रवेशिकेवर विद्यार्थ्याकडून सही घेतली जाते की कामाचे सर्व हक्क महाविद्यालयाकडे राहतील. जे काम सांभाळायची जबाबदारी आपण घेत नाही त्याचा हक्क कशाच्या आधारावर मागता? मुलं सही करतात, कारण न केल्यास काम लागत नाही.

माझ्या आणि माझ्यासोबतच्या माजी विद्यार्थ्यांच्या मागण्या साध्या आहेत.

पाचवी सूचना याच प्रदर्शनाआधी लेखी मागे घ्यावी. संहितेऐवजी विद्यार्थ्याने काम पूर्ण झाल्यावर दहा ओळींचं टिपण द्यावं. लांबीची अडचण असेल तर दाखवायच्या वेळा ठरवून दाराबाहेर लावाव्यात.

मॉडेलिंगची जुनी खोली प्रदर्शनाच्या सातही दिवशी व्हिडिओसाठी द्यावी. प्रोजेक्टर, काळे पडदे आणि दोन स्पीकर आम्ही आणतो, त्यासाठी कॉलेजकडे एक रुपयाही मागणार नाही. बसायला खुर्च्या मात्र कॉलेजने द्याव्यात.

परीक्षकांत निदान एक व्यक्ती हे माध्यम स्वतः हाताळणारी असावी.

टेपा कुणाला, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने दिल्या हे लेखी कळवावं. भंगारवाल्याकडे अजून काही उरलं असण्याची शक्यता आहे, आम्ही स्वतः जाऊन शोधायला तयार आहोत, फक्त पत्ता हवा. कोणा एका कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी अशी आमची मुळीच मागणी नाही. शिपाईमामांना तर मुळीच जबाबदार धरू नये. खोली रिकामी करा असं त्यांना सांगितलं गेलं, त्यांनी ती केली.

यापुढे प्रत्येक वर्षाचं काम दोन डिस्कवर, दोन वेगळ्या जागी ठेवावं. एक ग्रंथालयात, एक विभागात. ग्रंथपालांशी मी बोलले आहे, जागा द्यायला त्यांची ना नाही. हक्काची ओळ प्रवेशिकेतून काढावी. कॉलेजला दाखवण्याची परवानगी हवी असेल तर तेवढीच मागावी.

हे पत्र वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. २००३ ते २०१२ च्या दरम्यान आपलं काम कुणी सीडीवर, डीव्हीडीवर, जुन्या संगणकावर उतरवून नेलं असेल तर माळे शोधा. सीडी चरे पडलेली असली तरी टाकू नका, माझ्याकडे द्या. आतापर्यंत नऊ कामं मिळाली आहेत. त्यात सोलापूरच्या त्या मुलीचं आहे, डीव्हीडी तिच्या आईने गहू-तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवली होती. कल्हईचं माझं काम मिळालेलं नाही.

सर, प्रदर्शन १२ फेब्रुवारीला उघडतंय. या पत्राचं उत्तर ५ तारखेपर्यंत मिळालं तर पुढची तयारी करता येईल. आम्ही सहा जण १० तारखेला सकाळी नऊ वाजता पडदे आणि प्रोजेक्टर घेऊन येतो आहोत. खिडक्या आठ आहेत, मापं मी घेतली आहेत. मॉडेलिंगच्या खोलीची किल्ली कार्यालयात ठेवायला सांगावी, ही विनंती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
ड्रॉइंग अँड पेंटिंग, २००६